नवा कॅमेरा घेण्यापूर्वी ट्रायपॉड घ्यावा

पुण्यात रमजानच्या महिन्यात मोमीनपुऱ्यात आणि कोंढव्याच्या कौसरबाग परिसरात इफ्तारनंतर जो बाजार फुलतो, त्याच्यावर अनेक छोट्या दुकानदारांचे वर्षाचे गणित अवलंबून असते. कबाब, मालपुवा, शेवया, खजूर, टोप्या, अत्तर, बांगड्या, लहान मुलांचे कपडे असा सगळा माल रात्रीच्या दिव्यांत विकला जातो. गिऱ्हाईक आता दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मोबाइलवर माल पाहून घेते. म्हणून दुकानदारही फोटो काढून पाठवतो. मात्र यांतले बरेचसे फोटो कामाचे नसतात. पाटीवरची अक्षरे दुहेरी दिसतात, जरीचे काम पुसल्यासारखे होते, अत्तराच्या बाटलीवरचे नाव वाचता येत नाही.

दुकानदार म्हणतो मोबाइल जुना झाला. लग्नाचे फोटो काढणारा आपला तरुण म्हणतो कॅमेरा बदलावा लागेल. मग हप्त्यांची चौकशी सुरू होते. हप्त्यांत बहुधा व्याज असते, आणि व्याजापासून दूर राहू इच्छिणाऱ्या माणसाची येथे मोठी ओढाताण होते. अशा बांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे, की दहांतल्या अनेक वेळा दोष कॅमेऱ्याचा नसतो, हाताचा असतो. आहे तोच कॅमेरा नीट टेकवला तर तोच फोटो स्वच्छ येतो. टेकवण्याचे साधन कॅमेऱ्याच्या किमतीच्या लहानशा भागात मिळते. काही साधने तर आपल्याच कारखान्यात बनतात.

हात का हलतो

कॅमेऱ्याला प्रकाश गोळा करावा लागतो. प्रकाश भरपूर असेल तर क्षणात काम होते, कमी असेल तर वेळ लागतो. दुपारच्या स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ/८ या मापावर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरते उघडले तरी पुरते. त्याच मापावर, बऱ्यापैकी दिवे असलेल्या दुकानात सुमारे अर्धा सेकंद लागतो. म्हणजे अडीचशे पट वेळ! रस्त्यावरच्या अंधुक हातगाडीपाशी तर चार-चार सेकंद लागू शकतात. अर्ध्या सेकंदात माणसाचा श्वास चालतो, नाडी चालते, बटण दाबणारे बोट कॅमेरा खाली ढकलते. हे सगळे फोटोत उतरते.

हातात धरून किती वेळापर्यंत फोटो निघेल याचा छायाचित्रकारांचा एक जुना ठोकताळा आहे. लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा तितकावा भाग. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० सेकंद, २०० मिलिमीटरला १/२००. आजच्या अनेक डिजिटल कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान असतो. त्यांत हा आकडा दीडपट धरावा, म्हणजे ५० च्या लेन्सला साधारण १/८०.

आता हिशेब पाहावा. अर्ध्या सेकंदावरून १/६० वर यायचे तर प्रकाशाच्या पाच पायऱ्या कमी पडतात. प्रत्येक पायरी म्हणजे निम्मे. त्या भरून काढायला आयएसओ १०० वरून ३२०० वर न्यावा, तर फोटोत दाणे येतात आणि रेशमाचा पोत हरवतो. किंवा अॅपर्चर एफ/८ वरून एफ/२.८ करावे आणि आयएसओ ४०० ठेवावा, तर पुढची बाटली स्पष्ट आणि मागची ओळ धुक्यात जाते. फ्लॅश मारला तर काच, पितळ आणि सोन्यावर पांढरा डाग उठतो आणि मागचे दुकान काळे पडते. चौथा मार्ग म्हणजे अर्धा सेकंद तसाच राहू द्यावा आणि कॅमेरा हलू देऊ नये. त्यात मालाचा रंग जातो ना पोत.

ही अडचण कॅमेऱ्याच्याही आधीची आहे. बसरा येथे जन्मलेले आणि पुढे कैरो येथे स्थायिक झालेले विद्वान इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकाच्या प्रारंभी प्रकाशावर 'किताबुल मनाझिर' हा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचे प्रयोग त्यांनी केले, ग्रहणाच्या वेळी सूर्याची कोर अशा छिद्रातून कशी उमटते तेही तपासले. छिद्र बारीक केले की आकृती रेखीव होते, मोठे केले की ती फिसकटते, हे त्यांनी दाखवून दिले. मात्र छिद्र बारीक म्हणजे प्रकाशही कमी. एफ/८ वर अत्तराच्या सर्व बाटल्या स्पष्ट येतात पण वेळ वाढतो, हे त्याच नियमाचे आजचे रूप आहे. १८३९ मध्ये डागेरचे तंत्र जाहीर झाले तेव्हा माणसाचा फोटो काढायलाही बराच वेळ लागे, आणि स्टुडिओवाले गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लोखंडी टेकू लावीत. तेव्हा कॅमेरा तर स्टँडवर असेच, माणसालाही स्टँड लागे.

मोबाइलवाल्यांनी हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. बहुतेक मोबाइलमध्ये अॅपर्चर बदलता येत नाही, म्हणून त्याच्यापाशी वेळ आणि आयएसओ ही दोनच हत्यारे उरतात. गूगलने २०१८ मध्ये आणि अॅपलने २०१९ मध्ये आपल्या फोनांत रात्रीच्या फोटोची सोय आणली. आता ती बऱ्याच फोनांत असते. फोन एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि ते एकत्र जुळवतो. यातली खुबी अशी, की फोन स्थिर आहे की हातात आहे हे त्याला आतल्या यंत्रामुळे कळते. गूगलच्या त्या पहिल्या पद्धतीत हातातल्या फोनला प्रत्येक फोटोसाठी जास्तीत जास्त १/३ सेकंद मिळे, टेकवलेल्या फोनला पूर्ण एक सेकंद. म्हणजे तोच फोन टेकवल्याबरोबर अधिक चांगले काम करू लागतो, आणि मालकाला ते ठाऊकही नसते.

कॅमेऱ्यात आणि लेन्समध्ये हाताचा कंप सावरणारी यंत्रणा आता असते हे खरे. ती चांगली आहे, आणि सरावलेला हात तिच्या जोरावर अर्धा सेकंदही निभावून नेतो. पण चाळीस जोड चपलांचे फोटो एकाच अंतरावरून, एकाच कोनातून आणि एकाच मापाने काढायचे असतील तर ही यंत्रणा कामाची नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा एकदा बांधला की दोन्ही हात मोकळे होतात. चप्पल ठेवावी, बटण दाबावे, उचलावी, दुसरी ठेवावी. यादीतले सगळे फोटो एका चौकटीत आले की छोटे दुकानही नीटनेटके दिसते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हललेल्या फोटोत कापडावरचा डाग आणि भांड्याचा पोचा लपतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला भाग वर का ठेवला नाही असे विचारल्याची हदीस आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत आहे. गिऱ्हाइकाला फोनवरून ढिगात हात घालता येत नाही, त्याचा हात म्हणजे आपला फोटो. स्वच्छ फोटोने परत येणारा मालही कमी होतो, हा हिशेबाचा भाग वेगळाच. छायाचित्रणाविषयी उलेमांत मतभेद आहेत, पण ते सजीवांच्या चित्राविषयी. भांडी, कापड, अत्तर, इमारत यांच्या चित्राला हरकत घेतली जात नाही.

ट्रायपॉड पाहून घ्यावा

पाय तीनच का, हे सुताराला सांगायला नको. चार पायांचे टेबल फरशीवर डुगडुगते, तिपाई डुगडुगत नाही, कारण तीन टोके कोणत्याही उंचसखल जागेवर एकदम टेकतात.

बाजारात काही शे रुपयांना मिळणारे हलके ट्रायपॉड मोबाइलपुरते ठीक असतात. त्यांवर जड कॅमेरा चढवू नये. विकत घेताना ट्रायपॉड दुकानातच पूर्ण उंच करावा, वरच्या डोक्यावर हात ठेवून दाबावे आणि पिळून पाहावे. पीळ बसत असेल तर तो घेऊ नये. प्रत्येक पाय जितक्या जास्त नळ्यांचा, तितकी शेवटची नळी बारीक. म्हणून पाच नळ्यांच्या पायापेक्षा तीन नळ्यांचा पाय भक्कम. मधला दांडा वर न काढता कॅमेरा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो का ते बघावे. कॅमेरा आणि लेन्सच्या वजनाच्या किमान दुप्पट वजन तो पेलतो असे लिहिलेले असावे. डोके दोन प्रकारचे येते, गोळ्याचे आणि दांड्यांचे. गोळ्याचे डोके झटपट फिरते, लग्नात सोयीचे. मालाच्या फोटोला दांड्यांचे बरे, कारण एक बाजू सरळ करताना दुसरी बिघडत नाही.

पुण्यातल्या काही जुन्या स्टुडिओंच्या माळ्यावर लाकडी किंवा लोखंडी स्टँड धूळ खात पडलेले असतात. स्टुडिओ बंद होताना ते भंगारात जातात. असा लाकडी स्टँड मिळाला तर सोडू नये. तो जड असतो, पण लाकूड कंप चटकन शोषून घेते, आणि दुकानातून तो कुठे न्यायचा नसतोच.

वापरण्याच्या रीतीत चुका फार होतात. आधी जाड नळ्या लांबवाव्यात, बारीक नळी शेवटी आणि लागली तरच. मधला दांडा शक्यतो खालीच ठेवावा. तो वर काढला की तीन पायांचा स्टँड एका पायाचा होतो. एक पाय लेन्सच्या दिशेला ठेवावा म्हणजे जड लेन्सने तोल जात नाही. दांड्याखाली आकडा असेल तर त्याला सामानाची पिशवी लावावी, आणि वारा असेल तर ती जमिनीला जेमतेम टेकू द्यावी, नाहीतर तिचा झोका कॅमेऱ्याला लागतो. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा. आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, आरसा उचलला जाताना धक्का बसतो आणि १/३० ते एक सेकंद या दरम्यान तो फोटोत दिसतो. म्हणून पडद्यावर पाहून फोटो काढावा किंवा आरसा आधी उचलून ठेवण्याची सोय वापरावी. जुन्या लेन्समधली कंप सावरणारी यंत्रणा ट्रायपॉडवर बंद करावी, कारण काही वेळा ती नसलेला कंप शोधत स्वतःच हलते.

पेठांतल्या जुन्या दुकानांत लाकडी पोटमाळा असतो. त्यावर ट्रायपॉड लावला आणि शेजारून नोकर चालत गेला तर सगळे वाया. फोटोच्या वेळी चालणे थांबवावे. रस्त्यालगतच्या दुकानात पीएमपीची बस जाऊ द्यावी, मग बटण दाबावे.

दिव्यांविषयी थोडेसे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी आणि जुन्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फार वेगाच्या शटरने फोटोत काळे पट्टे येतात ते यामुळे. अर्ध्या सेकंदात ही लुकलुक आपोआप मुरून जाते, हा ट्रायपॉडचा आणखी एक फायदा. पिवळे आणि पांढरे दिवे एकत्र असतील तर एक जात बंद करावी, नाहीतर हिरव्या बांगडीचा रंग कोणता तेच कळत नाही.

कारागिरांसाठी

कॅमेऱ्याच्या बुडाला जे आटे असतात ते जगभर एकाच मापाचे आहेत: पाव इंच, म्हणजे दोन सूत, आणि इंचाला २० आटे. मोठ्या स्टँडला तीन सूत, म्हणजे ३/८ इंचाचे आटेही असतात. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट मागताना नुसता "पाव इंची" म्हणू नये, आटेही तपासून घ्यावेत. सहा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट दिसायला तसाच असतो आणि एक-दोन फेरे आतही जातो. पण त्याचा आटा एक मिलिमीटरचा, आणि कॅमेऱ्याचा १.२७ मिलिमीटरचा. जोर लावला की कॅमेऱ्याचे आटे जातात. बोल्ट कॅमेऱ्याच्या आत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त शिरणार नाही अशा बेताने नट आणि वायसर लावावे.

एवढे जमले की फॅब्रिकेशनवाला किंवा सुतार हवे ते करू शकतो. सी क्लॅम्पच्या पाठीवर दोन सुती बोल्ट वेल्ड केला की कॅमेरा शटरच्या लोखंडी चौकटीला, शिडीला किंवा काउंटरच्या कडेला आवळता येतो. रमजानच्या गर्दीत ट्रायपॉडचे पाय पसरायला जागाच नसते, कोणी अडखळून पडण्याची भीती असते; तिथे हा क्लॅम्प उत्तम. जाड मांजरपाटाची हातभर पिशवी शिवून तीत मटकी किंवा तांदूळ तीन-चतुर्थांश भरले तर तिच्यावर लेन्स रुतून बसते, आणि हातगाडीच्या कडेवरून चार सेकंदांचा फोटोही निघतो. पिशवी ठासून भरू नये, ती दगड होते. अगदीच काही नसेल तर दोन सुती बोल्टला मजबूत दोरी बांधावी, दुसरे टोक पायाखाली दाबावे आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणून धरावी. याने अर्धा सेकंद निभत नाही, पण १/१५ पर्यंत काम भागते.

जरीकाम, दागिने, कॅलिग्राफीच्या पाट्या यांचे फोटो वरून सरळ काढावे लागतात. फिल्मच्या काळात स्टुडिओच्या डार्करूममध्ये फोटो मोठा करायचे एन्लार्जर असत. त्याचा दिवा काढून टाकला की खाली फळी आणि वर सरकणारा लोखंडी खांब उरतो. त्या जागी कॅमेऱ्याची पट्टी बसवली की वरून फोटो काढण्याचा तयार स्टँड मिळाला. नवा घ्यायची गरज नाही.

लग्नाचे काम

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ट्रायपॉड कॅमेऱ्याला थांबवतो, माणसाला थांबवत नाही. निकाहनंतर गळाभेट घेणारे पाहुणे, वलीम्यात वाढणारी मुले यांना १/१२५ सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागते. तिथे मोठ्या अॅपर्चरची लेन्स, वाढवलेला आयएसओ किंवा छतावर मारलेला फ्लॅश यांनीच निभावते. एका पायाचा मोनोपॉड अशा गर्दीत बरा, तो जड लेन्सचे वजन घेतो आणि जागा अडवत नाही.

पण लग्नातली बरीच कामे न हलणाऱ्या वस्तूंचीच असतात. पाहुणे येण्यापूर्वीचा सजवलेला हॉल, मंच, निकाहनाम्यावरच्या सह्या, दागिन्यांचा डबा, मिठाईची ताटे. अनेक घरांत स्त्रियांचे फोटो काढू देत नाहीत, आणि त्यांचे हे म्हणणे छायाचित्रकाराने विनातक्रार पाळावे. अशा घरच्या आल्बममध्ये या वस्तूंच्या फोटोंनाच महत्त्व येते, आणि ते ट्रायपॉडवर आयएसओ १०० ने काढले तर मोठ्या आकारातही स्वच्छ छापले जातात. खानदानाचा ग्रुप फोटो दोन्हींच्या मधला. हॉलच्या नेहमीच्या दिव्यांत आयएसओ ८०० आणि एफ/५.६ ला साधारण १/३० सेकंद येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असला तर छायाचित्रकार बाजूला उभा राहून चेहऱ्यांकडे पाहू शकतो, वडीलधाऱ्यांना क्षणभर न हलण्याची विनंती करू शकतो. पाच-सहा फोटो घ्यावेत. त्यांतला एखादा हमखास साधतो.

परवानगीचे पाहून घ्यावे. शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी, आगाखान पॅलेस ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालची ठिकाणे आहेत. तिथे हातातल्या कॅमेऱ्याला आणि स्टँडवरच्या कॅमेऱ्याला वेगळा नियम आहे. १९५९ च्या नियमांपासून स्टँडला परवानगी लागते. नवरदेवाला घेऊन जाण्यापूर्वी ती काढून ठेवावी. कॅम्प आणि खडकी ही छावणीची गावे. लष्करी जागेच्या आसपास ट्रायपॉड उघडूच नये.

शेवटी ईदच्या चांदाविषयी, कारण हा प्रश्न छायाचित्रकारांना दरवर्षी विचारला जातो. चांद ठरवणे हे रुयत-ए-हिलाल समितीचे आणि उलेमांचे काम. पण फोटो हवाच असेल तर २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड यांशिवाय बारीक कोर पकडता येत नाही. सूर्य मावळण्यापूर्वीच लांबच्या एखाद्या इमारतीवर फोकस करून तो तसाच ठेवावा. शटर पाव सेकंदापेक्षा जास्त उघडे ठेवू नये, कारण पृथ्वी फिरत असल्यामुळे चंद्र दोन मिनिटांत आपल्या रुंदीइतका सरकतो, आणि लांब लेन्समध्ये तेवढेही दिसते. त्या संध्याकाळी गच्चीवर गर्दी होते, मुले पळतात, स्लॅब थरथरतो. ट्रायपॉड स्लॅबच्या मध्यावर न लावता कठड्याच्या कोपऱ्याशी, खाली खांब असेल त्या जागी लावावा.